घाटावर लक्ष कोणाचं?

चार वर्षांच्या मुलीने सकाळभर काय करावं, या एका प्रश्नावरून बुऱ्हाणपुरातल्या माझ्या माहेरी तात्या आणि वहिनी यांची दसऱ्यापासून जुंपली आहे. तात्या म्हणतात, मनूला माझ्याबरोबर राजघाटावर येऊ दे. वहिनी म्हणते, तिला वही-पेन्सिल घेऊन बसू दे, एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होतं, शाळेत प्रवेश घ्यायचा आहे. दिवाळीला गेले तेव्हा हा वाद मी फराळासोबत रोज ऐकला. मी भुसावळला बालवाडी चालवते, म्हणून दोघांनी मला पंच नेमलं होतं. निकाल वहिनीच्या विरुद्ध गेला की मी नणंद ठरायची, तात्यांच्या विरुद्ध गेला की लेक.

वादी-प्रतिवादींची ओळख थोडक्यात करून देते. तात्या ताप्ती मिलमधून निवृत्त झाले. जन्म इथलाच, मराठी, हिंदी, उर्दू तिन्ही बोलतात आणि कोणतीच धड बोलत नाहीत, असं आई म्हणायची. वहिनी रावेरची, म्हणजे महाराष्ट्रातली. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. ब्लाउज, पिको-फॉल, परकर, सणासुदीला दिवसभर गिऱ्हाईक. दादा केळीच्या मंडीत काम करतो, पहाटे जातो. या वादात तो कुठेच नाही, हे वाचणाऱ्याच्या लवकरच लक्षात येईल. माझ्याही आधी ते वहिनीच्या लक्षात आलं होतं.

आणि राजघाट. मुलताईहून निघालेली तापी सातपुड्याच्या कडेने पश्चिमेला येते आणि बुऱ्हाणपूरच्या तटाला भिडते. काठावर शाही किल्ल्याच्या भिंती, त्याला लागून घाटाच्या पायऱ्या, समोर नदीच्या पात्रात एक दगडी हत्ती. पावसाळ्यात गावातली माणसं एकमेकांना पाण्याची पातळी मीटरमध्ये विचारत नाहीत. ‘हत्ती दिसतो का?’ एवढंच विचारतात. इथे हत्ती बुडाला की आम्ही खाली भुसावळकडे हतनूरच्या दरवाज्यांची बातमी ऐकायला कान टवकारतो. एक्केचाळीस दरवाजे आहेत त्या धरणाला. दिवाळीत मात्र पाणी उतरलेलं असतं, हत्ती पाठ शेकत उभा असतो आणि चार वर्षांच्या पोरीला घरात बसवणं अवघड होतं.

तात्या : आमच्या वेळी घाटावर कोणी कोणाला सांभाळत नव्हतं. उठलं की नदी. पोहायला कोणी शिकवलं नाही, मोजायला कोणी शिकवलं नाही. हत्तीवर किती पोरं चढली ते मोजता मोजता गणित आलं.

वहिनी : आणि त्यातली खाली किती उतरली, तेही मोजलं असेल.

तात्या : हे बघ, लगेच वाकडं बोलू राहिली.

वहिनी : वाकडं नाही, तात्या. तुमच्याच तोंडून ऐकलंय, गल्लीतल्या एका पोराला श्रावणात नदीने नेलं म्हणून.

तात्या : ते पुराचं पाणी होतं. आता गुडघाभर आहे.

वहिनी : मनूचा गुडघा की तुमचा?

इथे मला पंच म्हणून बोलावं लागलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत बुडून मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त एक ते चार वर्षांच्या मुलांत आहे. या वयाचं मूल पाण्यात पडलं तर ओरडतही नाही, बुडायला त्याला फारसं खोल पाणी लागत नाही. तात्यांनी ‘तू पण?’ असं पाहिलं. वहिनीने मात्र आकड्यांकडे लक्षच दिलं नाही. तिला वेगळंच काही विचारायचं होतं.

वहिनी : कोणी सांभाळत नव्हतं म्हणता. मग सकाळी घाटावर असायचं कोण, ते तरी सांगा.

तात्या : कोण म्हणजे? सगळे. अंघोळीला येणारे, पूजेवाले, नावाडी. आणि बाया. धुण्याच्या बायांनी पायऱ्या भरलेल्या असायच्या, पाय ठेवायला जागा नाही.

वहिनी : आणि तुम्ही खोल पाण्याकडे सरकलात की ओरडायचं कोण?

तात्या : (हसत) कोपऱ्यावरची काकू. आमच्याकडे पाठ करून बसायची, पण तिला पाठीलाही डोळे होते. शिव्या तर द्यायचीच, वर धोतराचा ओला पिळा नेम धरून मारायची. पाठीवर वळ उठायचा.

वहिनी : म्हणजे सांभाळणाऱ्या तीस-चाळीस होत्या. पगार नव्हता म्हणून तुम्ही मोजल्या नाहीत.

तात्यांनी सुपारी कातरायला घेतली. उत्तर सापडत नसलं की ते अडकित्ता शोधतात.

मला हे वाक्य वहिनीच्या तोंडून ऐकून आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला, कारण बालवाडीतल्या पालकसभेत मी हेच सांगायला अर्धा तास घेते. जुन्या पिढीच्या ‘मोकळ्या’ लहानपणाच्या आठवणींत सांभाळणारी माणसं दिसत नाहीत, कारण ती काम करता करता सांभाळत होती. धुणं हे काम होतं, भांडी हे काम होतं, मुलांवर नजर ठेवणं हे त्यात मिसळून गेलेलं. नजरेला नाव नव्हतं, म्हणून ती होती हेही कोणाला आठवत नाही.

वहिनी : आता घरोघर नळ आहे, निम्म्या घरांत कपडे धुण्याचं मशीन आहे. बाया घाटावरून उठल्या. आता तिथे मनू चौथ्या पायरीवरून पाचवीवर गेली तर ओला पिळा मारणारं कोणी आहे का?

तात्या : नळाचं कौतुक या गावाला सांगू नको. अब्दुल रहीम खानखानाने 1615 च्या सुमारास डोंगराकडचं पाणी जमिनीखालून आणलं, कुंडी भंडारा म्हणतात त्याला. जगात लोक विहिरीवर भांडत होते तेव्हा बुऱ्हाणपुरात पाणी खेळत होतं. तरी बाया नदीवर जायच्याच.

वहिनी : का जायच्या?

तात्या : आता का म्हणजे... घरात सासू असायची.

यावर मी मोठ्याने हसले. वहिनी हसली नाही. या घरात आता सासू नाही, पण सासरे आहेत, आणि ते सकाळी दहालाच चहा मागतात.

खरं सांगायचं तर तात्यांचा मुद्दा विनोदात उडवण्यासारखा नव्हता. नदीवर जाणं हे पाण्यासाठी जेवढं होतं तेवढंच घराबाहेर पडण्यासाठीही होतं, आणि आईच्या पदराला धरून मूलही बाहेर पडत होतं. आज वहिनीच्या मशीनपाशी बसलेल्या मनूला दिवसभरात दिसतात किती माणसं? ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका, दूधवाला, समोरच्या यंत्रमागावरचा रफिकचाचा म्हणून ती ज्याला हाक मारते तो शेजारी. यंत्रमागाची तिला इतकी सवय आहे की खटखट चालू असते तोवर ती गाढ झोपते. वीज गेली, माग थांबले, की दचकून उठते.

वहिनी : आणि तुमच्या त्या सोन्याच्या दिवसांचं मला सांगू नका. हा समोर किल्ला आहे ना? शाहजहान बादशहाची बेगम इथेच गेली, बाळंतपणात. शाळेत शिकले मी. चौदावं बाळंतपण होतं.

तात्या : 1631 साली. नदीपलीकडे झैनाबादला आहुखान्यात आधी पुरलं, मग आग्र्याला नेलं. हे मला शिकवू राहिली!

वहिनी : चौदांपैकी जगली किती?

तात्या : ...सात असावीत.

वहिनी : बादशहाच्या घरी निम्मी. वैद्य-हकीम हात जोडून उभे असताना. तिथे आपल्या आजी-पणजीच्या घरात काय असेल? मुलं आपोआप वाढायची म्हणता, ती वाढलेली तेवढी तुम्हाला दिसतात.

तात्या : पण त्या वेळी जन्मलेली पोरगी जगली. गौहर आरा. पंचाहत्तर वर्षं जगली ती. आई नाही, बाप सिंहासनावर. तरी जगली.

वहिनी : कोणी वाढवली?

तात्या पुन्हा अडकित्त्याकडे वळले. दायांनी, दुसरं कोण? पण हे त्यांनी म्हटलं नाही, मीच मनात म्हटलं. इतिहासाच्या पुस्तकांनाही धुणंवाल्या बायांसारखी ही माणसं मोजता येत नाहीत.

(बाळं जगण्याचा विषय निघालाच आहे तर हेही लिहून टाकते. 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्यांचा आकडा मध्य प्रदेशात 43 होता आणि महाराष्ट्रात 16. सबंध राज्यांचे आकडे आहेत हे, आमच्या गल्लीचे नव्हेत. पण वहिनी बाळंतपणाला माहेरी रावेरला गेली तेव्हा तात्या रुसले होते, ते मला या आकड्यांनी आठवलं.)

तर इथवर वहिनी जिंकत होती. पण जिंकता जिंकता तिने एक उडी मारली, आणि ती मला पटली नाही. घाटावर लक्ष ठेवायला माणूस उरलं नाही, म्हणून मनूने वही घेऊन बसायचं. यातल्या पहिल्या वाक्यातून दुसरं निघत नाही.

ती वही मी पाहिली. पानाच्या वरच्या ओळीत वहिनीच्या अक्षरात इंग्रजी ‘बी’, खाली मनूचे प्रयत्न. मनू पेन्सिल मुठीत धरते, काठी धरावी तशी. तिसऱ्या ओळीपर्यंत अक्षर उलटं झालेलं, पाचव्या ओळीत वहिनीने तिचा हात धरून काढलेलं, आणि सहाव्या ओळीत इतकं खोडलेलं की कागदाला भोक पडलं होतं. त्या भोकात मनूने बोट घालून पलीकडच्या पानावर काय आहे ते पाहिलं होतं. पेन्सिलीच्या काळ्या बोटाचा ठसा तिथे उमटला होता. माझ्या मते त्या पानावरचा खरा अभ्यास तो.

आणि हीच मनू मशीनच्या पायाशी बसून काय करते? वहिनीचा बटणांचा डबा घेते. श्रीखंडाचा जुना प्लास्टिकचा डबा, त्यात हुक, टिचबटणं, शर्टाची, कोटाची, मोत्याची बटणं. ती आधी दोन भोकांची आणि चार भोकांची वेगळी करते. मग त्यातली पांढरी वेगळी. मग मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावते आणि शेवटच्या टिकलीएवढ्या बटणाला ‘हा बाळ’ म्हणते. कोटाचं बटण उचलताना चिमूट कशी होते ते बघावं. महिनाभर पेन्सिल गिरवून ती चिमूट यायची नाही.

वहिनी : बटणांनी ॲडमिशन मिळत नाही, ताई.

मी : पण पेन्सिल धरणारी बोटं बटणांनीच तयार होतात. ताराबाई मोडकांनी कोसबाडला हेच केलं. बिया, शिंपले, पानं, खडे.

वहिनी : कोसबाडला शाळेचा फॉर्म भरायचा नव्हता.

ताराबाईंचं नाव मी उगाच काढलं नव्हतं. गिजुभाई बधेकांबरोबर 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या या बाईंनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसोबत ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार, गुरांमागे कोण जाणार? तेव्हा बालवाडीच पाड्यावर नेली, आणि गुरं चारणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. तात्यांना ही गोष्ट फार आवडली. ‘बघ, झाडाखाली!’ म्हणाले. पण त्यांनी अर्धीच ऐकली. ताराबाईंनी मुलांना झाडाखाली सोडून दिलं नव्हतं. झाडाखाली एक शिकलेली बाई बसवली होती, जिचं कामच मुलांकडे पाहणं होतं. मूल काय करतं हे तिने बघायचं, लिहायचं, त्यावरून दुसऱ्या दिवशी काय आणायचं ते ठरवायचं. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढे देशभर अंगणवाड्या उघडल्या, त्यांच्यामागे हा विचार होता.

वहिनी : मग पाठवते अंगणवाडीत. पण सेविका एकटी. तिने खिचडी वाटायची, वजनं घ्यायची, गरोदर बायकांकडे जायचं, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरायचा. पोरांकडे बघणार कधी?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या ओळखीच्या सेविका हेच म्हणतात, आणि त्यांना मानधन मिळतं, पगार नाही.

वहिनी : आणि मीही थोडं वाचते हं. मेंदूची 85 टक्के वाढ सहा वर्षांच्या आत होते, असं सरकारच म्हणतं. मग ही वर्षं बटणांत घालवायची?

मी : 2020 च्या शैक्षणिक धोरणातला आकडा आहे तो. पण त्याच धोरणात लिहिलंय की तीन ते आठ हा एकच टप्पा धरा, खेळातून शिकवा, पहिलीत सहा पूर्ण झाल्यावर घ्या. 2022 मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यातही खेळणी, गोष्टी, गाणी, माती.

तात्या : (टाळी वाजवून) झालं! दिल्ली माझ्या बाजूने!

वहिनी : दिल्ली तुमच्या बाजूने असेल. फॉर्म माझ्या हातात आहे. शाळेतल्या बाई मनूला समोर बसवून एबीसीडी म्हणायला लावणार, एक ते वीस लिहायला लावणार. तिथे मी धोरण वाचून दाखवू? समोरच्यांच्या मुलाने सगळं लिहून दाखवलं, त्याला घेतलं. मनू हत्तीची गोष्ट सांगेल, हो ना? आणि घरी आल्यावर तुम्हीच विचाराल, का नाही घेतलं?

तात्या : मी नाही विचारणार.

वहिनी : तुम्ही नाही, पण तुमचे घाटावरचे मित्र विचारतील, आणि तुम्ही येऊन मला सांगाल.

धोरणाच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा मंडळींना हा टोला चुकवता येत नाही. मुलाखत आईची असते. नापास झाली तर ती होते. मोकळं सोडायला सांगणारा सल्लागार त्या दिवशी तिथे नसतो.

भाषेच्या बाबतीत मात्र दोघांनी जागा बदलल्या, आणि त्याची मला गंमत वाटली. दुपारी मनू आतून ओरडत आली, ‘आई, मला भूख लगी, कुस्करा दे ना!’ वहिनीच्या कपाळाला आठी. नवीन गोष्टींचा आग्रह धरणारी वहिनी इथे एकदम कडक. जुन्याचे गोडवे गाणारे तात्या इथे एकदम सैल.

वहिनी : भूक लागली म्हणायचं. माझ्या माहेरी गेली की माझ्या भाच्या हसतात तिला.

तात्या : हसू दे. या गावच्या जामा मशिदीत जा एकदा. फारुकी सुलतानाने बांधलेली, त्यात अरबीतही लेख आहे आणि संस्कृतातही. चारशेपेक्षा जास्त वर्षं झाली. सुलतानाला भिंतीवर दोन भाषा चालल्या, तुला पोरीच्या तोंडात चालत नाहीत.

वहिनी : भिंतीला परीक्षा द्यायची नसते.

मी इथे तात्यांना मार्क दिले. या वयाची मुलं भाषा मिसळतात आणि हळूहळू आपली आपण वेगळ्या करतात. ओळखीच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला मनू आत्ताच शिकली आहे, रफिकचाचाला ती ‘कुस्करा’ म्हणत नाही. मला काळजी दुसरी आहे. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि तिन्हीकडे कोणीतरी ‘असं नाही म्हणायचं’ म्हणणारं असलं, तर मूल गप्प बसायला शिकतं. वहिनीने तिला मराठी गोष्टी सांगाव्यात, भरपूर सांगाव्यात. भूक मात्र ज्या भाषेत लागेल त्या भाषेत भागवावी.

मोबाइलवरून सगळीकडे होते तीच चकमक झाली, तिच्यात जास्त वेळ घालवत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, कमी तेवढा बरा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. ते मी सांगितलं. वहिनीचं उत्तर असं :

वहिनी : गॅसवर वरण असतं, दारात गिऱ्हाईक असतं, मशीनमध्ये सुई असते. तेव्हा मनूच्या हातात मोबाइल देते. तो मोबाइल माझी घाटावरची काकू आहे. पिळा मारत नाही, पण पोरगी जागेवर राहते.

आणि मग, बोलता बोलता, खरं भांडण बाहेर आलं. मला वाटतं तोवर ते दोघंही वही आणि नदीवर भांडत होते कारण हे बोलायचं नव्हतं.

वहिनी : दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी घाटावर आले होते, तात्या. तुम्हाला माहीत नाही.

तात्या : कधी?

वहिनी : पिशवी राहिली होती तुमची, ती द्यायला. तुम्ही वर पारावर. मोबाइलमध्ये मान घालून. बाकीचे तिघंही मोबाइलमध्ये. मनू एकटी खाली, शेवटच्या कोरड्या पायरीवर. फ्रॉकचा घेर ओला. वाकून पाण्यात हात घालत होती.

तात्या : एक मिनिट पाहिलं असेल मी. माझं लक्ष होतं.

वहिनी : मी वरून तिच्यापर्यंत आले, तिला उचललं, तिचा फ्रॉक पिळला. तरी तुम्ही मान वर केली नाही. मग मी तिला हळूच तुमच्या शेजारी बसवलं आणि घरी आले.

तात्या : मला बोलली का नाहीस?

वहिनी : सासऱ्याला काय बोलायचं? वही आणली.

खोलीत थोडा वेळ फक्त मागांची खटखट ऐकू येत होती. वही कुठून आली ते आता कळलं. तिला शाळेचं कारण होतं, खोटं नव्हतं. पण ती वही मुळात मनूला पायरीवरून दूर ठेवण्यासाठी होती. आणि तात्या ज्या बायांच्या नजरेवर वाढले, त्या नजरेची जागा आता त्यांची होती, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आजोबांच्या पिढीतल्या पुरुषांनी मुलांना फिरवलं, खाऊ आणला, खांद्यावर घेतलं. बघत बसणं त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते कंटाळवाणं काम आहे. त्यात काही घडत नाही, आणि घडलं नाही म्हणजे ते नीट झालं.

एवढ्यात आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला. दिवाळी म्हणून तो घरी होता.

दादा : अरे, तिला सोडा ना कोणीतरी एकाने नेऊन. एवढं काय?

वहिनी : तुम्ही न्या.

दादा : मला मंडी असते.

वहिनी : रविवारी दुपारी तुमची मंडी कुठे असते? सोफ्यावर?

दादा : मी कमावतो ना घरासाठी.

वहिनी : आणि मी मशीनवर भजन करते?

पंचाने इथे बोलू नये असा नियम आहे. मी चहा ठेवायला उठले. चहा होईपर्यंत अटी ठरत गेल्या, मी आतून ऐकत होते. घाटावर जाताना तात्यांचा मोबाइल घरी, मशीनच्या खणात. मनू पाण्यापासून चार पायऱ्या वर, आणि तात्या तिच्यापेक्षा खालच्या पायरीवर, वरच्या पारावर नव्हे. नदी आणि पोरगी यांच्या मध्ये. जूनपासून हत्ती पूर्ण मोकळा दिसेपर्यंत घाट बंद. रविवारची सकाळ दादाची, आणि ‘आज नको’ म्हणायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. वही राहील, पण बटणांच्या डब्यानंतर, आणि मनू कंटाळली की बंद. यावर वहिनी बराच वेळ अडून बसली. शेवटी ‘जानेवारीपर्यंत बघते’ एवढंच कबूल केलं. फॉर्म ती भरणारच आहे. शाळा तीच. मी काही बोलले नाही. फी माझ्या खिशातून जाणार नाही.

तात्यांनी एकेक अट ऐकून मान हलवली.

वहिनी : आणि येताना तिला माव्याची जलेबी खाऊ घालायची नाही. दुपारी जेवत नाही मग.

तात्या : बाकी सगळं ठीक. जलेबीचं मात्र लिहून घेऊ नको.

वहिनी : मग अर्धी.

तात्या : बुऱ्हाणपुरात अर्धी जलेबी कोण देतं?

वहिनी : उरलेली अर्धी तुम्ही खा. साखर तपासायला मंगळवारी जायचंच आहे.